आधी पडायला शिकव

या महिन्याच्या गठ्ठ्यात तीन पत्रं एकाच विषयाची, स्वसंरक्षण आणि नेमबाजी शिकवण्याबद्दलची निघाली, म्हणून संपादकांनी ती वेगळी काढून माझ्याकडे पाठवली. मी नागपुरात, नंदनवनच्या एका समाजभवनात, एकोणतीस वर्षं मुलींना आणि बायकांना स्वसंरक्षण शिकवते. त्याआधी ज्युदो खेळले. कॉलेजात एनसीसीत असताना रायफल हाती आली आणि काही वर्षं नेमबाजीही केली. जे करून पाहिलं त्याच्या आधारानंच उत्तरं देते आहे. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

ताई, मी चोवीस वर्षांची आहे, एम.कॉम. झालंय. दहावीपासून कराटे शिकतेय, ब्लॅक बेल्ट आहे, पहिला डॅन. मला स्वसंरक्षणाची प्रशिक्षक व्हायचंय. एका संस्थेची जाहिरात पाहिली: दोन दिवसांत ‘प्रमाणित प्रशिक्षक’, फी अठरा हजार. बाबा म्हणतात, बँकेची परीक्षा दे, पोट्टीनं मारामारी शिकवून घर चालते का? मी काय करू? (मानेवाडा)

बेटा, ते अठरा हजार भरू नको.

स्वसंरक्षण शिकवायला आपल्याकडे कुठला सरकारी परवाना लागत नाही. त्यामुळे कोणीही कुणालाही ‘प्रमाणित’ करू शकतो, आणि त्या कागदाचं वजन देणाऱ्याच्या वजनाइतकंच असतं. दोन दिवसांत ते तुला चार डाव दाखवतील. डाव तर तुला त्यांच्याहून जास्त येत असतील. इतकी वर्षं नेमानं घाम गाळून पहिला डॅन घेतलास, ते लहान काम नाही. पण आतापर्यंत तू ज्यांच्यासमोर उभी राहिलीस, त्या सगळ्यांना उभं कसं राहायचं हे ठाऊक होतं. आता ज्या येतील त्यातल्या कित्येक शाळा सुटल्यापासून कधी पळालेल्या नसतील. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाचं बाळंतपण नुकतंच झालेलं असतं, कुणी ओढणी बाजूला ठेवायला तयार नसते. त्यांना शिकवणं ही वेगळी विद्या आहे आणि ती कुणाच्या तरी वर्गात पाय रोवून उभं राहिल्याशिवाय येत नाही.

माझी एक चूक सांगते. माझ्याकडे शिकवायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी ती सांगते. वर्ग सुरू करून दुसरंच वर्ष होतं. मला ओ-गोशी शिकवायची भारी घाई. समोरच्याला कमरेवर घेऊन फेकायचं, ज्युदोतला अगदी सुरुवातीचा डाव, दिसतो मोठा देखणा. मॅट घ्यायला पैसे नव्हते, दोन सतरंज्यांवर गादी टाकली होती. दुसऱ्याच आठवड्यात नववीतल्या दोघींना समोरासमोर उभं केलं. एकीनं डाव बरोबर टाकला. दुसरीनं पडताना हात पुढे टेकवला, जसा कोणीही टेकवतं, आणि तिचं कॉलरबोन मोडलं. हॉस्पिटलात तिचे वडील आले. इतवारीत हमाली करायचे ते. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी एवढंच विचारलं, “मॅडम, तिले पडाले शिकवलं होतं का?”

शिकवलं नव्हतं.

तेव्हापासून माझ्याकडे पहिले तीन आठवडे कुणी कुणाला हात लावत नाही. सगळ्या फक्त पडतात. आधी पाठीवर झोपून दोन्ही तळहात जमिनीवर आपटायचे, हात अंगापासून थोडे तिरपे, हनुवटी छातीला चिकटलेली, आपटताना श्वास बाहेर. मग बसल्या जागेवरून मागे पडायचं, मग उकिडवं बसून, आणि उभ्यानं पडायचं सगळ्यात शेवटी. ज्युदोत याला उकेमी म्हणतात. लोकांना वाटतं हे खेळापुरतं आहे. रस्त्यावर कुणी ढकललं की धोका ढकलण्यापेक्षा फुटपाथच्या कडेवर डोकं आपटण्याचा जास्त असतो. हनुवटी आत घ्यायची सवय अंगात मुरली की डोकं वाचतं. माझ्या जुन्या विद्यार्थिनी भेटून जे किस्से सांगतात त्यातले बहुतेक पडण्याचेच असतात. पावसात स्कूटी घसरली, मोरीत पाय सरकला, गच्चीच्या जिन्यावरून खाली आले, पण ताई, हात टेकला नाही म्हणून मनगट वाचलं. गुंडाशी गाठ पडलेल्या त्या मानानं मोजक्या.

पडण्यानंतर आवाज. तुला कराटेत किआई, म्हणजे मारताना द्यायची आरोळी, शिकवली असेल, तुझा आवाज पोटातून येत असेल. पण जिला जन्मभर ‘हळू बोल’ सांगितलं गेलं, तिच्या गळ्यातून आवाज काढणं ठोसा शिकवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. मी मुलींना दोन रांगांत समोरासमोर उभं करते. एक रांग चालत येते, दुसरीनं हात पुढे करून म्हणायचं, “मागे हो!” बस, इतकंच. पहिल्या दिवशी निम्म्याजणी तोंडावर हात ठेवून हसतात. त्या हसण्यावर रागावू नकोस, ते भीतीचं हसू असतं. काहींचे नुसते ओठ हलतात. सक्करदऱ्याच्या एक पन्नाशीतल्या काकू होत्या. दीड महिना त्यांच्या तोंडून ते दोन शब्द निघाले नाहीत. प्रत्येक वर्गाला मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहायची. एका गुरुवारी निघाले, भवनाच्या पत्र्यावर आदळले असे निघाले, आणि त्या खाली बसून रडायला लागल्या. का, ते मी विचारलं नाही. त्या दिवशी वर्ग तिथेच संपवला आणि सगळ्याजणी त्यांच्याभोवती बसून राहिलो.

आणि खोटं शिकवू नकोस. मनगट सोडवण्याचा डाव सगळेच दाखवतात: पकडणाऱ्याच्या अंगठ्याकडून हात फिरवून ओढायचा, कारण त्या बाजूला त्याचा अंगठा एकटा असतो आणि दुसऱ्या बाजूला चार बोटं. डाव खरा आहे. पण वर्गात मैत्रीण हात धरते ती मायेनं धरते, आणि डाव सुरू होताच सोडूनही देते. मुलगी घरी जाऊन आईला सांगते, मला जमलं. जोडीदारणीला बजावून सांग, सोडायचं नाही, खरंच धर. मग निम्म्यांचे हात सुटत नाहीत. तिथून पुढे शिकवायचं: मागे ओढू नको, एक पाऊल आत घे, तुझं कोपर त्याच्या कोपराकडे ने, अंगाचं वजन टाक.

चाकूच्या बाबतीत तर मी फारच कडक आहे. मोबाइलवर चाकू हिसकावण्याचे व्हिडिओ बघून मुली येतात. मी लाकडी चाकूच्या धारेला ओलं कुंकू लावते आणि सगळ्यांना पांढरे टी-शर्ट घालून बोलावते. हल्ला करणारीला सांगते, थांबू नको, हात मागे घे आणि पुन्हा मार, खरा मारणारा तसंच करतो. अर्ध्या मिनिटानं प्रत्येकीनं आपापला टी-शर्ट बघायचा. पोटावर, दंडावर, गळ्यापाशी लाल रेघाच रेघा. त्यानंतर वर्गात काही वेळ कुणी बोलत नाही. मग मी पर्स लांब फेकून उलट दिशेनं पळायला शिकवते. पळण्याचा आमच्याकडे रीतसर सराव होतो, चपला काढून, पाठीला कॉलेजची बॅग असताना, भवनाच्या मैदानाला फेऱ्या मारत. बॅग केव्हा टाकून द्यायची हेही त्यातच येतं.

डाव थोडे शिकव. भीतीनं अंग गोठतं, हात थरथरतात, बोटांची बारीक कामं होत नाहीत. वीस डाव शिकलेली मुलगी त्या क्षणी त्यातला एक निवडत बसेल. मी वर्षभरात सहा शिकवते आणि तेच सहा मुलींना कंटाळा येईपर्यंत घोटून घेते. पालक विचारतात, नवीन काय शिकवलं? त्यांना उत्तर देताना लाजू नकोस.

आता जी गोष्ट सांगते तिच्यासाठी मी स्वतः तयार नव्हते. आपण मुलींना अनोळखी माणसाशी लढायला शिकवतो, आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं दाखवतात की बलात्काराच्या बहुतेक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचाच असतो. वर्गाशी जीव जडला की एखादी मुलगी वर्ग सुटल्यावर चपला घालायला उगाच वेळ लावते, आणि मग घरातल्याच कुणाबद्दल तरी सांगते. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. म्हणून ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊन बसू नकोस. मी एकदा दिलं होतं. ते मोडावं लागलं तेव्हा त्या मुलीनं माझ्याकडे जसं पाहिलं, ते मी अजून विसरलेले नाही. आता मी ऐकण्याआधीच सांगते, “बेटा, मी तुझ्यासोबत शेवटपर्यंत येईन, पण जो मदत करू शकतो त्याला सांगावं लागेल.” मुलांसाठीचा १०९८ आणि आणीबाणीचा ११२, हे दोन्ही क्रमांक भवनाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतले आहेत.

कायदा तुला पाठ हवा, कारण मुली विचारतात, मी मारलं आणि त्याला लागलं तर मलाच आत टाकतील का? स्वसंरक्षणाचा हक्क पूर्वी भारतीय दंड संहितेच्या ९६ ते १०६ या कलमांत होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. अकरा कलमं आहेत, एका संध्याकाळी वाचून होतात. ३७ वं म्हणतं, बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायचा हक्क नाही. ३८ वं सांगतं, हल्लेखोराचा जीव जाईपर्यंत प्रतिकार करता येईल असे प्रसंग कोणते, आणि त्यात बलात्काराच्या, अपहरणाच्या, ॲसिड फेकण्याच्या उद्देशानं केलेला हल्ला येतो. तो पळून गेला, भीती संपली, तरी मागे धावून मारलं तर त्याला स्वसंरक्षण म्हणता येत नाही. हे मुलींना उदाहरणं देऊन सांग, कलमांचे आकडे विसरले तरी चालतील.

तर वाट अशी धर. वर्षभर एखाद्या जुन्या वर्गात मदतनीस राहा, पैसे मिळोत की न मिळोत. सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचा प्रथमोपचाराचा कोर्स कर. डोक्याला मार लागलेल्या मुलीला ‘ऊठ, काही नाही झालं’ म्हणायचं नाही, हे तिथे समजेल. पुढे याच क्षेत्रात राहायचं ठरलं तर शारीरिक शिक्षणाची पदवी घे. त्यासाठी लांब जायला नको. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे आणि विदर्भातल्या कितीतरी शाळांचे पीटीचे सर-मॅडम तिथूनच आलेत. एखाद्या खेळाची कोच व्हायचं असेल तर पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचे डिप्लोमा आणि सहा आठवड्यांचे सर्टिफिकेट कोर्स आहेत. त्यांना देशभर मान आहे. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र काढून ठेव. शाळेनं मागायच्या आधी तूच पुढे कर.

राहिलं बाबांचं म्हणणं. ते तुझं वाईट चिंतत नाहीत. हिशेब मांडून दाखवते. माझ्या वर्गात तीस मुली, फी महिन्याला सहाशे, म्हणजे अठरा हजार. भवनाचं भाडं पाच हजार, आणि दर दोन-तीन वर्षांनी मॅट बदलाव्या लागतात. तिघी-चौघींची फी मी घेत नाही. मार्चमध्ये परीक्षा आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंश, तेव्हा वर्ग निम्मा होतो. सरकारी शाळांत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी समग्र शिक्षाखाली राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण चालतं, तिथे काम मिळू शकतं, पण ते तीन महिन्यांचं असतं. माझं घर शाळेतल्या पीटीच्या पगारावर चाललं, वर्गावर चाललं नाही. म्हणून बँकेची परीक्षा दे, मनापासून दे. आणि मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी सकाळी सहाला नंदनवनला ये. आठला सुटतो आम्ही.

मॅडम, मी सैन्यातून हवालदार पदावरून निवृत्त झालो, वय ४२. शेवटची दोन वर्षं रिक्रूटांना वेपन ट्रेनिंग दिलं. कामठी रोडला घरामागे मोठी जागा आहे. तिथे एअर रायफलची रेंज काढून पोरांना शिकवायचा विचार आहे. परवाना लागतो का? शिवाय ओळखीच्या काही बायका म्हणतात, आम्हाला संरक्षणासाठी पिस्तूल चालवायला शिकवा. शिकवू का? (कामठी रोड)

दादा, आधी परवान्याचं. पॉइंट १७७ ची, म्हणजे साडेचार मिलिमीटरची, आणि २० ज्यूलच्या आतल्या ताकदीची एअर रायफल किंवा एअर पिस्तूल असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे तिला परवाना लागत नाही. विकत घेताना ओळखपत्र दाखवावं लागतं. दहा मीटरचा सगळा खेळ याच छर्‍यावर चालतो. पॉइंट २२, म्हणजे खऱ्या गोळीची रायफल, आली की १९५९ चा शस्त्र कायदा आला: बंदुकीला परवाना, रेंजला परवाना, गोळी-गोळीचा हिशेब. फौजेत तुमच्यामागे कोत, म्हणजे शस्त्रागार होता, तो सांभाळणारा कोत एनसीओ होता, रजिस्टर होतं. इथे ते सगळं तुम्ही एकटे. पहिली काही वर्षं फक्त हवेच्या बंदुकीवर राहा आणि जिल्ह्याच्या संघटनेमार्फत महाराष्ट्र रायफल असोसिएशनशी जोडून घ्या. राष्ट्रीय रायफल असोसिएशन १९५१ पासून आहे, तिच्या स्पर्धांची दारं पोरांना राज्य संघटनेतूनच उघडतात. नुसतं छर्रे उडवायला शिकवलं आणि स्पर्धेची वाट दाखवली नाही तर पोरं वर्षभरात सोडून जातात.

तुमच्या फौजेतलं खूप काही इथे कामी येणार आहे. मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, सही ट्रिगर ऑपरेशन, हे तीन उसूल आम्हाला एनसीसीत उस्तादांनी घोकून घेतले होते. ‘शिस्त’ म्हणजे नेम, हे मला तिथे कळलं, आणि मराठीतला शिस्त शब्दही त्या दिवसापासून मला वेगळा ऐकू यायला लागला. पण खेळाची मागणी निराळी आहे. दहा मीटर एअर रायफलच्या टारगेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, छर्‍यापेक्षा नऊ पट लहान. साठ शॉट, पंचाहत्तर मिनिटं, उभ्यानं. रिक्रूटला तुम्ही हुकूम देत होता आणि तो करत होता. बारा वर्षांचं पोर शॉट वाईट गेला की तुमच्या तोंडाकडे बघतं. तुमच्या कपाळाला आठी दिसली की पुढचा शॉटही गेला म्हणून समजा.

रायफल साडेपाच किलोपर्यंत जाते. लहान पोराला पहिल्या महिन्यात ती पूर्ण पेलायला लावू नका, पाठीचं दुखणं कायमचं मागे लागतं. आधी टेकणीवर ठेवून, मग उभ्यानं थोडा थोडा वेळ. आणि ड्राय करून घ्या: छर्रा न घालता, कोऱ्या भिंतीसमोर, नुसता श्वास, नेम आणि ट्रिगर. पोरांना ते आवडत नाही, करून घ्यावं लागतं. स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं तेव्हा सगळ्यांनी कोल्हापूरचा जल्लोष पाहिला. माझं लक्ष त्याच्या कोच दीपाली देशपांडे यांच्याकडे होतं. त्या स्वतः २००४ ला अथेन्स ऑलिंपिक खेळल्या आणि मग दुसऱ्यांच्या खांद्यावरच्या रायफलीमागे उभ्या राहिल्या. ते मागे उभं राहणं तुम्हाला शिकायचं आहे. राष्ट्रीय संघटनेचे कोचिंगचे कोर्स आहेत, ते करा. बावीस-तेवीस वर्षं रायफल हाताळली तरी करा.

सुरक्षेचा एक प्रसंग सांगते. एनसीसीच्या कॅम्पात फायरिंग चालू होतं. माझ्या शेजारच्या मुलीची गोळी उडाली नाही. ती पॉइंट २२ हातात घेऊन सरळ मागे वळली, उस्तादांना विचारायला. उस्ताद ओरडले नाहीत. एका पावलात पुढे आले, नाल मुठीत धरून जमिनीकडे दाबली आणि हळू आवाजात म्हणाले, “बेटी, सवाल मुँह से पूछते हैं, राइफल से नहीं.” तिच्या जागी मीही वळू शकले असते. तुमच्या रेंजवर पहिला महिनाभर प्रत्येक पोराच्या मागे एक मोठा माणूस हवा. छर्‍यानं डोळा जातो, म्हणून एअर रायफलला खेळणं समजणाऱ्या पालकांनाही आत बसवून हे सांगा. फायरिंग नसेल तेव्हा नालीत केशरी सेफ्टी फ्लॅग घातलेला हवा. रायफलला हवा पुरवणाऱ्या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते, दहा वर्षं झाली की तो बाद, त्यात दोनशे बारचा दाब असतो. जुना सिलिंडर स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. छर्रा शिशाचा आहे. रेंजवर खाणंपिणं बंद, आणि निघताना प्रत्येकानं साबणानं हात धुवायचे. पोरं डबा उघडायच्या घाईत असतात, तेव्हा नळाशी तुम्ही स्वतः उभे राहा.

पत्र्याचं शेड घालणार असाल तर नागपूरचा उन्हाळा लक्षात घ्या. नेमबाजीचं कॅनव्हासचं जाकीट अंगात घालून मे महिन्यात दुपारी पोराला उभं केलंत तर चक्कर येऊन पडेल, हातातल्या रायफलसकट. कूलर लावाल तर त्याच्या वाऱ्यानं कागदी टारगेट हलतं आणि दमटही होतं. कूलर फायरिंग पॉइंटच्या मागे, लांब ठेवा. उन्हाळ्यात सकाळी सहा ते नऊ एवढीच वेळ ठेवा.

पिस्तुलाचं माझं उत्तर नाही असं आहे, आणि मी ते विचार करून देते आहे. ज्या बायका विचारताहेत त्यांच्याकडे परवाना आहे का? तो एकविसाव्या वर्षानंतर मिळतो आणि नागपुरात तो द्यायचा की नाही हे पोलीस आयुक्त ठरवतात. २०१६ च्या नियमांत परवाना मागणाऱ्यानं शस्त्र-सुरक्षेचं प्रशिक्षण घेतलेलं असावं अशीही तरतूद आहे, ते रीतसर मार्गानंच होतं, घरामागच्या मैदानात नाही. एखादीकडे परवाना असला तरी पुढचं बघा. पिस्तूल कपाटात कुलूपबंद ठेवलं तर जिन्यात गाठलं तेव्हा हाताशी नाही. पर्समध्ये भरून ठेवलं तर संध्याकाळी ती पर्स घरातलं लेकरू उघडणार. हल्ला होतो तो हाताच्या अंतरावर, आणि तेवढ्या वेळात पर्समधून शस्त्र काढून ते सुरक्षितपणे चालवायला जो सराव लागतो तो तुम्ही वर्षानुवर्षं केला आहे, त्यांनी केलेला नाही. त्या बायकांची भीती मात्र खरी आहे, तिला हसू नका. त्यांना आधी विचारा, नेमकं कुठे भीती वाटते. माझ्याकडे अशी एक बाई आली होती. विचारल्यावर कळलं, तिच्या गल्लीतला दिवा चार महिने बंद होता. आम्ही दहाजणी महापालिकेच्या झोन ऑफिसात गेलो, दुसऱ्या आठवड्यात दिवा लागला. वर्गाला ती तरीही येत राहिली.

ताई, माझी मुलगी सातवीत आहे. शाळेत मुलींसाठी स्वसंरक्षणाचा वर्ग सुरू झालाय, शिकवायला एक सर येतात. शिकवणारा चांगला आहे की नाही हे आम्हाला कसं कळावं? आम्हाला त्यातलं काहीच समजत नाही. (हिंगणा)

ताई, पुरुष शिकवतो म्हणून मुलीला काढू नका. मला ज्युदो पुरुषांनीच शिकवलं, आणि फार चांगलं शिकवलं. पण वर्गात शाळेची एक शिक्षिका पूर्ण वेळ हजर हवी आणि दार उघडं हवं, यात तडजोड करू नका.

एक दिवस स्वतः जा आणि मागच्या बाकावर बसा. सर मुलीचा हात धरण्याआधी तिला विचारतात का, ते बघा. डाव दाखवताना प्रत्येक वेळी त्याच एका गप्प मुलीला पुढे बोलावतात का, तेही बघा. एखादीनं ‘दुखतंय’ म्हटलं की हात तत्काळ सुटायला हवा. आम्ही मॅटवर दोनदा थाप मारायला शिकवतो, थाप ऐकू आली की समोरचीनं सगळं सोडायचं. तशी काही खूण त्यांच्या वर्गात आहे का विचारा. गादी किंवा मॅट नसताना फेकाफेकी चालली असेल तर ती त्याच दिवशी थांबवायला सांगा.

घरी आल्यावर मुलीला ‘आज काय शिकलीस, दाखव’ असं म्हणू नका, ती आरशासमोर दोन ठोसे मारून दाखवेल. तिला विचारा, सरांना नाही म्हणता येतं का? ती लगेच ‘हो’ म्हणाली तर निर्धास्त राहा. थांबली, खाली बघायला लागली, तर घाईनं दुसरा प्रश्न विचारू नका. जवळ बसून राहा. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना भेटायला एकट्या जाऊ नका, आणखी दोन-तीन आयांना सोबत घ्या आणि जे सांगायचं ते कागदावर लिहून, त्याची पोच घेऊन या.